नमुना कोणत्या बाटलीत गेला

माझ्या थोरल्या भावाच्या मेंदूत मातीतल्या बुरशीने गाठ केली आहे, हे कळायला आम्हाला भाताच्या कापणीपासून आंब्याला मोहोर येईपर्यंतचा काळ लागला. त्या काळात कोणत्या तपासणीने काय सांगितले आणि काय सांगितले नाही, हे मी क्रमाने लिहून काढते आहे. आजार फार दुर्मीळ आहे, पण ज्या वाटेने आम्ही गेलो ती वाट मुळीच दुर्मीळ नाही. मेंदूत गाठ दिसली, क्षयाची असावी म्हणून औषधे सुरू झाली, सुरुवातीला बरे वाटले आणि मग बिघडत गेले, असे सांगणारे लोक मला रुग्णालयाच्या बाकावर बसल्या बसल्या भेटले. मी राजापूर तालुक्यातल्या एका लहान प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करते. रक्ताच्या आणि थुंकीच्या काचपट्ट्या रोज माझ्या हाताखालून जातात, म्हणूनच कदाचित एक प्रश्न मला योग्य वेळी विचारता आला. त्याबद्दलच मला मुख्यत्वे सांगायचे आहे.

दादा पन्नाशीच्या आतला. त्याला मधुमेह नाही, रक्तदाब नाही, कसले व्यसन नाही. भातशेती, हापूसची बाग आणि दोन म्हशींचा गोठा एवढा त्याचा संसार. पावसाआधी तरव्याच्या जागेवर शेण, कवळ आणि पालापाचोळा पसरून भाजावळ करायची, बागेत आळी खणायची, गोठ्यातले शेणखत टोपल्यांनी वाहायचे, ही कामे तो लहानपणापासून करत आला आहे. मधली काही वर्षे पावसाळा संपला की तो चिऱ्याच्या खाणीवरही जात असे. तिथली तांबडी धूळ नाकातोंडात जाते, हे आमच्याकडे कोणाला सांगावे लागत नाही.

कापणीच्या दिवसांत त्याचे डोके दुखू लागले. ऊन लागले, पित्त झाले, असे म्हणून त्याने ते अंगावर काढले. मग शब्द चुकू लागले. कोयती मागायची असली की तो ‘कुलूप आण’ म्हणायचा आणि आपण चुकीचे बोललो हे त्याला समजायचे, पण बरोबर शब्द काही केल्या तोंडात येत नसे. वहिनीला हे सर्वांत आधी जाणवले. पुढे खळ्यावर झोडणी चालू असताना त्याला फिट आली. तेव्हा वहिनी समोरच होती आणि तिने पाहिलेला क्रम तिच्या पक्का लक्षात राहिला: उजव्या हाताची बोटे आधी आत वळली, मग ओठ उजव्या बाजूला ओढला गेला आणि त्यानंतर शुद्ध गेली. तिने हे डॉक्टरांना जसेच्या तसे सांगितले. तेवढ्यावरूनच त्यांनी ओळखले की दुखणे मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात असणार. एमआरआयमध्ये गाठ नेमकी तिथेच निघाली.

त्या एमआरआयच्या अहवालात लिहिले होते की गाठीची कड कडीसारखी उजळलेली दिसते आणि भोवती बरीच सूज आहे. अशी कडी अनेक आजारांत दिसते. पू झालेले गळू, क्षयाची गाठ, फितकृमीची अळी, कर्करोग आणि बुरशी, या सगळ्यांची चित्रे बऱ्याचदा एकसारखीच असतात. आपल्या देशात क्षय सर्वांत जास्त, म्हणून संशयाचे बोट आधी त्याच्याकडे जाते. दादाच्या छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, घरात कोणाला क्षय नव्हता, तरी क्षयाची चार औषधे, सूज उतरवायला स्टेरॉइड आणि फिटसाठी फेनिटॉइन असे उपचार सुरू झाले. ज्यांनी ते सुरू केले त्यांना मी निष्काळजी म्हणणार नाही. अशा रुग्णांपैकी बहुतेकांना त्या औषधांनीच गुण येतो. माझे म्हणणे एवढेच आहे की ‘निदान अद्याप सिद्ध झालेले नाही’ हे वाक्य कागदावर ठळकपणे लिहायला हवे होते आणि आम्हालाही तसे स्पष्ट सांगायला हवे होते. तसे न झाल्याने घरात सगळ्यांनी क्षय गृहीत धरला.

स्टेरॉइडने काही दिवसांतच डोकेदुखी थांबली आणि बोलणे सुधारले. ग्रामदेवतेला घातलेले गाऱ्हाणे पोहोचले, असे वहिनीला वाटले आणि त्या दिवसांत तिला त्या विश्वासाचा फार आधार होता. पण स्टेरॉइड गाठीभोवतीची सूज उतरवते, म्हणून गाठीचे कारण कोणतेही असले तरी रुग्णाला आधी बरे वाटते. कारण बुरशी असेल तर मात्र आत ती वाढतच राहते आणि तिला अटकाव करणारी शरीराची ताकद त्याच औषधाने कमी होते. गोळ्यांची मात्रा उतरवायला घेतल्यावर दादाचा उजवा हात लुळा पडू लागला, उलट्या सुरू झाल्या आणि एका रात्री तो हाकेला नीट ओ देईना. तेव्हा आम्ही गाडी करून अणुस्कुरा घाटाने कोल्हापूर गाठले.

तिथल्या मेंदूच्या शल्यचिकित्सकांनी दोन्ही एमआरआय शेजारी शेजारी लावून पाहिले. गाठ वाढली होती. थांबण्यात अर्थ नाही, कवटी उघडून गाठ काढावी लागेल, असे त्यांनी सांगितले. पाठीच्या मण्यातून पाणी काढून तपासता येणार नाही का, असे आमच्या एका नातेवाइकाने विचारले. मेंदूत एवढा दाब असताना ते धोक्याचे असते आणि गाठीतले जंतू त्या पाण्यात उतरतीलच असेही नसते, असे त्यांनी शांतपणे समजावले. मग मी माझा प्रश्न विचारला: “सर, काढलेला नमुना कशात ठेवणार आणि कुठे पाठवणार?”

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते सविस्तर सांगते. शस्त्रक्रियेत काढलेला मांसाचा तुकडा साधारणपणे फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकून विकृतिशास्त्र विभागाकडे जातो. फॉर्मॅलिनमुळे पेशी जशाच्या तशा टिकतात, पातळ काप काढून ते रंगवता येतात आणि कर्करोग आहे की नाही हे कळते. पण फॉर्मॅलिनमध्ये सगळे जिवंत जंतू मरतात. एकदा तुकडा त्या बाटलीत पडला की त्यातून ना क्षयाचा जंतू वाढवता येतो, ना दुसरा कोणता जिवाणू, ना बुरशी. मग अहवालात सूज आणि महाकाय पेशी तेवढ्या दिसतात, आणि अशा पेशी क्षयातही असतात, बुरशीतही. बुरशीचे धागे थोडे असले आणि ते शोधायला कोणी सांगितलेले नसले, तर अहवाल पुन्हा क्षयाच्याच बाजूला झुकू शकतो. म्हणून नमुन्याचा एक भाग निर्जंतुक सलाइनमध्ये घेऊन सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे लगेच जायला हवा, आणि सोबतच्या अर्जावर ‘बुरशीसाठी तपासणी आणि कल्चर’ (कल्चर म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहणे) असे शब्दांत लिहिलेले हवे. ते लिहिले नाही तर प्रयोगशाळा नेहमीच्या जिवाणूंसाठी नमुना लावते आणि काही दिवसांत वाढ नाही म्हणून पेट्री डिश टाकून देते. बुरशीचे कल्चर आठवडेच्या आठवडे ठेवावे लागते.

शल्यचिकित्सकांनी माझ्याकडे निरखून पाहिले आणि मी काय काम करते ते विचारले. मग म्हणाले, “दोन बाटल्या करू. सलाइनची बाटली तुम्हीच लॅबमध्ये नेऊन द्या, म्हणजे वाटेत कुठे अडकणार नाही.”

शस्त्रक्रिया बराच वेळ चालली. गाठ जाड भिंतीची होती आणि तिच्यात काळपट तपकिरी पू होता. गाठ भिंतीसकट पूर्ण काढता आली, हे दादाचे नशीब आणि डॉक्टरांचे कौशल्य. काही वेळा ती बोलण्याच्या किंवा हालचालीच्या केंद्राला इतकी चिकटलेली असते की नुसता पू ओढून घेण्यावर थांबावे लागते, आणि या आजारात गाठ पूर्ण निघाली तर जगण्याची शक्यता जास्त असते.

सलाइनची बाटली मी दोन्ही हातांत धरून जिने उतरले. सूक्ष्मजीवशास्त्र विभागात एक तरुण निवासी डॉक्टर होत्या. मी त्याच क्षेत्रातली आहे हे कळल्यावर त्यांनी मला समोर बसू दिले. त्यांनी कणभर पू काचेवर घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, वर काच ठेवली आणि पेशी विरघळेपर्यंत थांबल्या. दुसऱ्या काचपट्टीवर क्षयासाठीची रंगक्रिया केली, तीत काही मिळाले नाही. पहिली पट्टी बराच वेळ पाहून झाल्यावर त्या उठल्या आणि मला म्हणाल्या, “ताई, बघा.” पडदे असलेले, फांद्या फुटलेले धागे, आणि ते तपकिरी. आम्ही त्यात कोणताही रंग घातलेला नव्हता. बहुतेक बुरशा या तपासणीत पारदर्शक दिसतात, रंग दिल्याशिवाय त्या पटकन नजरेत येत नाहीत. हा रंग धाग्यांचा स्वतःचा होता. आजवर पाहिलेल्या असंख्य काचपट्ट्यांत मी असे काही पाहिले नव्हते, आणि ते माझ्या भावाच्या डोक्यातून निघालेले होते. मला तिथे बसूनच राहावे लागले.

तो रंग मेलॅनिनचा. आपल्या त्वचेत आणि केसांत असते ते रंगद्रव्य या बुरशांच्या भिंतीतही असते. बुरशीला मारण्यासाठी आपल्या पांढऱ्या पेशी जी रसायने सोडतात, त्यांच्यापासून ते तिचे रक्षण करते. अशा काळ्या बुरशांपैकी मेंदूत सर्वाधिक वेळा सापडते ती क्लॅडोफियालोफोरा बँटिआना. इटलीतील विकृतिशास्त्रज्ञ गुइडो बांती यांनी १९११ साली अशा एका रुग्णाची नोंद केली, त्यांचेच नाव तिला मिळाले आहे. २००४ साली जगभरातल्या अशा १०१ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास निम्म्या रुग्णांत हीच बुरशी निघाली होती, निम्म्याहून अधिक रुग्णांची प्रतिकारशक्ती आधी चांगली होती आणि ७० टक्क्यांहून अधिक रुग्ण दगावले होते. भारतातून या बुरशीच्या रुग्णांच्या नोंदी बऱ्याच झालेल्या आहेत. निवासी डॉक्टरांनी दगावलेल्यांचा आकडा माझ्यापासून लपवला नाही. वहिनीला तो मी सांगितला नाही, आणि आजही तो तिला सांगावा असे मला वाटत नाही.

गावात बातमी पोहोचल्यावर जो तो विचारू लागला की कोविडच्या वेळी डोळे काढावे लागत होते तीच का ही काळी बुरशी. ती नव्हे. २०२१ मध्ये पसरलेला आजार म्युकरमायकोसिस होता. त्या बुरशीला स्वतःचा काळा रंग नसतो. ती रक्तवाहिन्या बंद पाडते आणि मेलेला भाग काळा पडतो. तो आजार बहुधा मधुमेह आणि स्टेरॉइडच्या जोडीने येतो, नाकातून डोळ्याकडे आणि मेंदूकडे सरकतो आणि फार झपाट्याने वाढतो. दादाचा आजार महिनोन्महिने दबा धरून होता. दोन्हींत साम्य एवढेच की दोन्ही बुरशा मातीत आणि कुजणाऱ्या पाल्यात राहतात आणि दोन्ही माणसाकडून माणसाला होत नाहीत. हे दुसरे आम्हाला फार लोकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले, कारण काही जण दादाच्या घरचा चहा टाळू लागले होते.

बुरशी वाढवायला लावलेल्या आगरच्या (जंतूंना पोसणाऱ्या जेलीच्या) नळीत पांढुरकी लव येऊन ती पुढे हिरवट करडी आणि मग काळी मखमली व्हायला वेळ लागला. नळी उघडण्याचे काम फक्त बंदिस्त सुरक्षा कपाटातच करायचे असते, कारण तिचे बीजाणू श्वासात जाणे धोक्याचे. बीजाणूंच्या लांबच लांब साखळ्या आणि ४० अंश तापमानातही वाढण्याची क्षमता, या दोन खुणांवरून प्रकार जवळपास ठरला आणि पक्के नाव मिळण्यासाठी नमुना चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेला गेला. रोगकारक बुरशांचा राष्ट्रीय संग्रह तिथे आहे. उत्तर येईपर्यंत कोणी थांबले नाही; तपकिरी धागे दिसले त्याच संध्याकाळी औषध बदलले होते.

औषध बदलताना क्षयाची औषधे बंद करणे का आवश्यक होते, तेही इथे सांगायला हवे. क्षयावरचे रिफाम्पिसिन यकृतातली औषधे मोडणारी यंत्रणा इतकी जोरात चालवते की बुरशीवरचे व्होरिकोनॅझोल रक्तात टिकतच नाही. ही दोन औषधे एकत्र देऊ नयेत, असा नियमच आहे. रिफाम्पिसिन थांबवल्यावरही तो परिणाम ओसरायला सुमारे दोन आठवडे लागतात. फिटसाठीचे फेनिटॉइनही तसेच वागते, म्हणून त्याच्या जागी लेव्हेटिरासेटाम आले. ‘क्षयाचा कोर्स पूर्ण होऊ द्या, सोबत बुरशीचेही औषध चालू राहील’, असा सल्ला आम्हाला एका जाणत्या माणसाने दिला होता. तो मानला असता तर व्होरिकोनॅझोलचा काही उपयोग झाला नसता.

बुरशीवरच्या उपचारांची सुरुवात झाली ती शिरेतून देण्याच्या लायपोसोमल अँफोटेरिसिन बीने. दर किलो वजनाला रोज ५ मिलिग्रॅम या हिशेबाने ६० किलोच्या माणसाला दिवसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या. यावरून खर्चाचा अंदाज कोणालाही करता येईल. ते पैसे उभे करण्यासाठी दादाने कधी न केलेली गोष्ट आम्ही केली आणि त्या हंगामाची बाग कराराने देऊन टाकली. हे औषधही मूळचे मातीतलेच. १९५०च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या परिसरातील मातीत सापडलेल्या जिवाणूपासून ते मिळाले. ते मूत्रपिंडावर ताण आणते आणि अंगातले पोटॅशियम व मॅग्नेशियम लघवीवाटे घालवते. मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी क्रिएटिनीनची आणि सोबत पोटॅशियमची तपासणी वरचेवर होई. घरून मी शहाळी आणली होती. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते, ते डॉक्टरांनी देऊ दिले, पण अहवाल पाहून आणि मोजून. मूत्रपिंड थकले की तेच पोटॅशियम वर चढून हृदयाला धोका होतो, म्हणून स्वतःच्या मनाने कोणी पाजू नये.

व्होरिकोनॅझोलच्या गोळ्या दादा अजून घेतो. जेवणाच्या एक तास आधी किंवा एक तास नंतर, दिवसातून दोन वेळा. गोळी घेतली की थोडा वेळ डोळ्यांपुढे उजेड लुकलुकतो आणि रंग विचित्र दिसतात. सुरुवातीला तो यामुळे फार घाबरला होता. उन्हाने कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रुंद टोपी घातल्याशिवाय त्याला बाहेर पडता येत नाही. ज्याचा जन्म बागेत गेला त्याला सावलीत बसवून ठेवणे हे घरातले सर्वांत अवघड काम होते. या औषधाची रक्तातली पातळी मोजावी लागते. ती दर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमच्या खाली गेली तर बुरशीवर परिणाम होत नाही, साडेपाचच्या वर गेली तर भास होतात आणि यकृताला त्रास होतो. एकाच मात्रेवर दोन माणसांच्या पातळीत मोठा फरक पडतो, कारण हे औषध मोडण्याचा वेग जन्मतःच प्रत्येकाचा वेगळा असतो. पहिल्या मोजणीत दादाची पातळी फारच कमी निघाली. मात्रा वाढवल्यावर ती जागेवर आली. मोजली नसती तर गोळ्या वेळेवर घेऊनही आजार का उलटला, याचा उलगडा कोणाला झाला नसता.

बुरशी आत शिरली कशी, हे दादाने डॉक्टरांना विचारले होते. बीजाणू श्वासातून फुप्फुसात आणि तिथून रक्ताने मेंदूत जात असावेत, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. क्वचित जखमेतूनही शिरत असतील. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हवा दमट आणि उबदार असते, पाला कुजत राहतो, तेव्हा मातीत बुरशा असणारच. पण हीच माती सगळे गाव हाताळते आणि आजार एखाद्यालाच होतो. त्यामुळे मातीला भिऊन शेती सोडण्याचा विचार डॉक्टरांनी मोडीत काढला. गोठा झाडताना आणि जुने शेणखत उपसताना तोंडाला घट्ट बसणारा मास्क, हातापायाला जखम असेल तर ती झाकणे, आणि कोरडी धूळ उडू नये म्हणून आधी पाणी शिंपडणे, एवढेच त्यांनी सांगितले. त्यांनी एचआयव्हीची आणि क्रिप्टोकॉकसची तपासणीही केली होती. क्रिप्टोकॉकस ही दुसरी एक बुरशी. तो कबुतरांच्या विष्ठेत आणि झाडांच्या ढोलीत आढळतो आणि मेंदूच्या आवरणाला सूज आणतो, पण त्याचा प्रतिजन, म्हणजे त्याची ओळख पटवणारा अंश, रक्तात किंवा मण्याच्या पाण्यात सहज सापडतो. बँटिआनासाठी भरवशाची अशी रक्ततपासणी नाही. तिच्यासाठी गाठीचा तुकडाच लागतो, आणि तोही जिवंत.

दादा आता बोलतो. वाचा उपचारतज्ज्ञांनी दिलेली चित्रांची पाने वहिनी रोज त्याच्याकडून म्हणवून घेते. थकला की अजूनही एखादा शब्द अडतो. उजव्या हाताची पकड पूर्वीसारखी नाही, आंबे उतरवण्याचे घळ डाव्या हाताने धरायला तो शिकतो आहे. शेवटच्या एमआरआयमध्ये गाठीच्या जागी व्रण आहे आणि कडी दिसत नाही. गोळ्या कधी थांबवायच्या हे ठरलेले नाही. वर्षभर तरी चालतील असे पहिल्यांदा सांगितले होते, आता डॉक्टर घाई करायला तयार नाहीत आणि आम्हीही नाही. त्याच्या फायलीत सर्वांत वर मी कल्चरचा अहवाल लावला आहे, म्हणजे पुढे कुठेही न्यायची वेळ आली तरी पहिल्याच पानावर बुरशीचे नाव आणि कोणती औषधे तिच्यावर चालतात ते दिसेल. पुढचा एमआरआय आंब्याचा हंगाम आटोपल्यावर आहे.